यशवंतसागर की उजनी?

उजनी धरणाच्या जलाशयाचं नाव सरकारी कागदावर 'यशवंतसागर', माणसांच्या तोंडी 'उजनी'. १९८० साली हे धरण पूर्ण झालं ते माढा तालुक्यातल्या उजनीला. पाण्याखाली मात्र इंदापूरचीही गावं गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं दगडी देऊळ, चिखल लागलेल्या शिखरासकट, उघडं पडतं. त्या गावाचं नाव पाण्याला लागलं नाही. जलाशयांची नावं बदललीही जातात: बारामतीच्या कालव्याला पाणी पुरवणाऱ्या भाटघर धरणाच्या जलाशयाला इंग्रजांनी 'लेक व्हायटिंग' म्हटलं होतं. तिथं मावळातल्या येसाजी कंकांचं नाव आलं, हे योग्यच झालं. यशवंतसागराला ज्यांचं नाव दिलं, त्या यशवंतराव चव्हाणांबद्दल आम्हालाही आदर आहे, त्यांचं नाव राहू द्या. पण त्यांच्या नावाच्या पाटीखाली, पाण्यात बुडालेल्या प्रत्येक गावाचं नाव कोरलं गेलंच पाहिजे. जलसंपदा विभागानं हे काम हाती घ्यावं, ही आमची मागणी आहे.