फाडू द्या, चिकटवू द्या

तीन वर्षांच्या मुलाला कात्रीची घाई नको. कागद बोटांनी फाडू द्या. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत आज कागद येतो, उद्या तिथेच पेन्सिल येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत परिसरातल्या साध्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. वाशीमच्या अंगणवाडीलाही चिकटकामासाठी जुन्या लग्नपत्रिका, वर्तमानपत्रं आणि मैद्याची खळ पुरते. सोयाबीनच्या या पट्ट्यात बियाण्यांच्या रंगीत पिशव्या घरोघरी दिसतात. त्या मात्र मुलांच्या हाती देऊ नका. बियाण्याला विषारी औषध चोळलेलं असतं.

आणि नमुने शोधायला दूर कशाला जायचं? पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा महिलांचा पेहराव पाहा. कापडाचे तुकडे, आरसे, कवड्या जोडून केवढी रचना उभी राहते!

आम्हाला खटकतो तो बाईंनी आधीच आखून दिलेला मोर, आणि साऱ्या वर्गाने त्यात एकसारखे भरलेले तुकडे. त्यात मुलाचं स्वतःचं काहीच उरत नाही. बाई, यंदा कोरा कागद द्या. जे होईल ते भिंतीवर लावा आणि खाली त्या मुलाचं नाव लिहा.