राखेल त्याचा संगणक

यंत्र जुने झाले हे कोणी ठरवावयाचे? कारखान्यातील कामगाराला विचारले तर तो सांगेल की, दाते झिजले, धुरा डगमगू लागली म्हणजे यंत्र म्हातारे झाले. अर्थशास्त्र त्यात आणखी एका कारणाची भर घालते. मार्क्सने ‘भांडवला’च्या पहिल्या खंडात यंत्राची झीज दोन प्रकारची मानली आहे. एक वापराने होणारी भौतिक झीज. आणि दुसरी, तसेच यंत्र स्वस्तात तयार होऊ लागल्याने अथवा त्याहून सरस यंत्र बाजारात आल्याने होणारी मूल्याची झीज. घरगुती संगणकाच्या बाबतीत मात्र झिजेचा एक तिसराच प्रकार पाहावयास मिळतो. यंत्र शाबूत असते, पत्र लिहिण्यात किंवा हिशेब मांडण्यात ते पूर्वीइतकेच तरबेज असते. तरीही एका ठरावीक तारखेला ते बाद ठरते. हा घसारा हुकमाने येतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ही अशीच एक तारीख होती. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबविला. पुढच्या प्रणालीसाठी संगणकात विशिष्ट सुरक्षा-चिप आणि कंपनीच्या यादीत बसणारा प्रक्रियक असावा लागतो. साधारणपणे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक त्या यादीत बसत नाहीत. घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत वाढवून देण्यात आली खरी, परंतु ती पैशांच्या किंवा कंपनीच्या खात्याशी स्वतःला जोडून घेण्याच्या अटीवर. शाळेने, वाचनालयाने किंवा एखाद्या युनियनच्या कचेरीने वर्गणी गोळा करून घेतलेला संगणक चालू असतानाच भंगारात काढावयाचा, असा याचा व्यावहारिक अर्थ. जगात २०२२ या एका वर्षात सुमारे ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी एकचतुर्थांशाहून कमी कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. त्या ढिगात न झिजलेल्या यंत्रांची भर पडत राहावी, हे कोणत्याही विवेकी अर्थव्यवस्थेचे लक्षण नव्हे.

अशा यंत्रांना दुसरे आयुष्य देण्याचा एक मार्ग म्हणून आज अनेक ठिकाणी लिनक्सचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि या मार्गाचा उगम ध्यानात ठेवावयास हवा. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हा तरुण प्रोग्रामर काम करीत होता. तेथील नव्या मुद्रणयंत्रात कागद वारंवार अडके. कागद अडकताच वापरणाऱ्याला तशी सूचना जावी, एवढी किरकोळ सुधारणा त्याला करावयाची होती. पण त्या यंत्राच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर त्याला नाकारण्यात आला. या अनुभवातून पुढे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. १९८३ मध्ये त्याने ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, १९८९ मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना आला. १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि १९९२ मध्ये तो याच परवान्याखाली आला. तात्पर्य असे की, या चळवळीच्या मुळाशी फुकटात वस्तू मिळविण्याची हाव नव्हती. आपले यंत्र आपल्याला दुरुस्त करता आले पाहिजे, हा आग्रह होता.

आपल्याकडे मात्र याच गोष्टीचा विसर पडतो. उत्साही कार्यकर्ता कचेरीतील जुन्या संगणकावर लिनक्स चढवितो, चार दिवस कौतुक होते, आणि सहा महिन्यांनी यंत्र अडले की ते कोपऱ्यात जाऊन पडते. मग “हे आपल्याला झेपणारे नाही” असा निर्णय होतो आणि चोरीच्या प्रतीवर किंवा हप्त्यावर घेतलेल्या नव्या यंत्रावर गाडी परत येते. दोष प्रणालीचा नसतो. परवान्याने दुरुस्तीचा हक्क दिला, पण दुरुस्तीची सवय कोणी लावून घेतली नाही. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांमधील हे अंतर कूळकायद्याचा इतिहास माहीत असलेल्यांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

वस्तुतः घरगुती संगणकाचे नेहमीचे बिघाड मोजके असतात आणि त्यांचे निदान साध्या तर्काने होऊ शकते. एक उदाहरण पाहू. संगणक सुरू होतो, पण कोणतेच संकेतस्थळ उघडत नाही. प्रत्येक ठिकाणी प्रमाणपत्र अवैध असल्याची तक्रार येते, नव्या दुरुस्त्याही नाकारल्या जातात. माणूस घाबरतो, विषाणू शिरला म्हणतो, सारे पुसून नव्याने बसवावयास निघतो. अशा वेळी आधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. संगणकाच्या मुख्य फळीवर नाण्याएवढी एक बॅटरी असते; वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली, आणि जाळ्यावरून वेळ जुळवून घेण्याची सोयही बंद असली, तर संगणक स्वतःला कित्येक वर्षे मागे समजतो आणि आजचे प्रमाणपत्र त्याला भविष्यातले वाटते. काही रुपयांची बॅटरी बदलून तारीख नीट केली की सारे सुरळीत होते. जे यंत्र निकामी म्हणून टाकून दिले जाणार होते, त्याचा रोग एवढाच असतो.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे जागा भरणे. परवलीचा शब्द बरोबर असूनही संगणक आत घेत नाही, पुन्हा त्याच पडद्यावर आणून सोडतो, तेव्हा अनेकदा डिस्क काठोकाठ भरलेली असते. ‘डीएफ’ ही आज्ञा कोणत्या भागात किती जागा उरली ते सांगते. साठलेले जुने गाभे आणि उतरवून घेतलेली पॅकेजे काढून टाकली की श्वास मोकळा होतो. तिसरा प्रकार, नवी दुरुस्ती चढविल्यावर पडदा काळा राहणे. बहुतेक वितरणे आधीचा गाभा जपून ठेवतात. सुरुवातीच्या यादीतून तो निवडला की काम चालू राहते आणि दोष नव्या गाभ्यात आहे हेही कळते. चौथा प्रकार मात्र गंभीर असतो. डिस्क खरखरू लागली, किंवा गाभ्याच्या नोंदवहीत वाचन-लेखनाच्या चुका पुन्हा पुन्हा दिसू लागल्या, तर प्रथम कागदपत्रांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि मगच तपासणीला हात घालावा. हा क्रम उलटा केल्यामुळे वर्षांची दफ्तरे गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

या सर्वांमागची शिस्त एकच आहे. बिघाड यंत्राचा की प्रणालीचा, हे आधी ठरवावे. त्यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्सची प्रत जवळ असावी. तिच्यावर यंत्र नीट चालले तर दोष बहुधा आतल्या प्रणालीत किंवा डिस्कमध्ये, न चालले तर दोष अन्य सुट्या भागांत शोधावयाचा. यंत्र स्वतःची रोजनिशी लिहीत असते, ती वाचावी. एका वेळी एकच बदल करावा. जी आज्ञा कळत नाही ती दुसऱ्याने सांगितली म्हणून चालवू नये; प्रशासकाच्या अधिकाराने दिलेली आज्ञा संगणक मुकाट्याने पाळतो, मग ती आत्मघातकी का असेना. आणि काय केले ते वहीत लिहून ठेवावे. प्रतिबंधाचे कामही असेच साधे आहे: आठवड्याला दुरुस्त्या, महिन्याला कागदपत्रांची नक्कल, वर्षातून दोनदा पंख्यातील धूळ झाडणे, आणि आपल्या आवृत्तीचा आधार केव्हा संपतो याची नोंद.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला आक्षेप, हे फुरसतीच्या माणसांचे उद्योग आहेत. दिवसभर राबणाऱ्याने संगणकाची सेवा कशाला करावी? त्याला शिवाय अडचणीही येतात. काही मुद्रणयंत्रे आणि बिनतारी जोडणीच्या चिपा लिनक्सशी जुळवून घेत नाहीत. मराठी छपाईतील युनिकोडपूर्व फाँटांत अडकलेला जुना मजकूर तर कोणत्याही स्थलांतरात त्रासच देतो. हे नाकारून कोणाचे भले होणार नाही. जेथे अशा सामग्रीवाचून काम अडते तेथे घाई करू नये. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. परंतु श्रमाचा मुद्दा नीट तपासला पाहिजे. देखभालीचे श्रम कोणत्याच प्रणालीत टळत नाहीत. ते कोणी करावयाचे आणि त्यांचे मोल कोणाला पोचवावयाचे, एवढाच फरक असतो. घरातील झाडलोट जशी ती करणाऱ्या बाईमुळे इतरांना अदृश्य राहते, तशीच यंत्राची निगाही अदृश्य राहते, आणि जे अदृश्य ते बिनमोलाचे, असा समज होतो. हा समज सोडून द्यावयास हवा.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. लिनक्स ही जनतेची मत्ता म्हणविली जाते, पण तिच्या गाभ्याचे पुष्कळसे काम आज मोठ्या कंपन्यांचे पगारी नोकरच करतात, आणि तिच्यावर सर्वाधिक नफाही त्याच कमावतात. मग तिचे एवढे कौतुक कशासाठी? हे खरे आहे. त्याहूनही बोचरे सत्य मार्च २०२४ मध्ये उघडकीस आले. असंख्य यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या संक्षेपण-साधनाचा भार वर्षानुवर्षे मुख्यतः एका थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर होता. मदतनीस म्हणून पुढे आलेल्या एका अज्ञाताने दोनएक वर्षे विश्वास संपादन केला आणि त्या साधनात चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला दूरच्या यंत्रावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्याने पिच्छा पुरविला म्हणून तो दरवाजा फार पसरण्याआधी सापडला. नोकरीने तोही एका बलाढ्य कंपनीचाच होता.

या घटनेचा निष्कर्ष सामाईक मत्ता फोल आहे असा काढणे चुकीचे ठरेल. निष्कर्ष असा की, सामाईक मत्ता फुकट नसते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विषयावरील अभ्यासाकरिता. सामाईक संसाधने जेथे टिकली तेथे वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, निगराणी ठेवली आणि दुरुस्तीचा वाटा उचलला, हे त्यांनी दाखविले. धुळे-नाशिककडील फडपद्धतीत हेच दिसते. बंधाऱ्याचे पाणी साऱ्यांचे, म्हणून पाट साफ करण्याचे कामही साऱ्यांचे; पाणी वाटणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांची व्यवस्था ठरलेली. पाटातला गाळ काढावयास कोणीच आले नाही, तर पाण्यावरचा हक्क कितीही पवित्र असो, शेवटचे वावर कोरडेच राहते. लिनक्सच्या पाटाचा गाळ काढण्यासाठी आज कंपन्या येतात आणि काही थकलेले स्वयंसेवक येतात. वापरणारे मात्र फारसे येत नाहीत.

मुक्त प्रणालीतही जुनी यंत्रे मागे पडतात, हेही सांगून टाकले पाहिजे. १९९३ पासून चालत आलेल्या, आपला प्रमुख मतदानाने निवडणाऱ्या डेबियन या वितरणाने ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर प्रणाली नव्याने बसविण्याची सोय बंद केली. तथापि येथे निर्णयाची चर्चा उघड झाली, आणि ज्यांना तो भार पुढे वाहावयाचा असेल त्यांच्या हातून मूळ मजकूर कोणी काढून घेतलेला नाही. हुकूम आणि निर्णय यांतील हा फरक लोकशाहीवाद्यांना तरी क्षुल्लक वाटू नये.

मग करावयाचे काय? प्रत्येक कचेरीत, वाचनालयात, शाळेत संगणकाशेजारी एक वही असावी आणि देखभाल जाणणारी निदान दोन माणसे असावीत. त्यांतील एक स्त्री असावी. सारे ज्ञान एकट्याच्या डोक्यात राहिले तर कंपनीच्या जागी आपणच एक नवा मक्तेदार निर्माण केला असे होईल. हे अशक्य नाही. केरळच्या सरकारी शाळांतून गेली अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअर वापरले जाते. तेथे शिक्षकांनाच प्रशिक्षक बनविण्यात आले आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची मंडळे उभी राहिली. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. ते पाऊल योग्यच होते, परंतु माहितीचे संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक संगणकाला सुटे भाग आणि सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळतील हे खरेदीच्या करारातच लिहिले जावे, आणि सरकारी कचेऱ्यांतून काढलेली चालू यंत्रे भंगारवाल्याआधी शाळांकडे जावीत, या मागण्या आता लावून धरल्या पाहिजेत.

‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेत मालकी आणि श्रम यांची गाठ बांधलेली होती. जमीन कसणाऱ्याची, कारण तोच तिची निगा राखतो. यंत्राच्या बाबतीत निगा सोडून दिली की मालकीही आपोआप दुसऱ्याकडे जाते. मग तारीख तो ठरवितो आणि आपण केवळ पावती जपून ठेवतो. कोपऱ्यात धूळ खात पडलेला संगणक उघडून त्यातली नाण्याएवढी बॅटरी बदलणे ही क्रांती नव्हे. परंतु ज्या हातांना एवढेही करता येत नाही, ते हात उद्या मोठ्या यंत्रांवर ताबा कसा ठेवणार, याचा विचार ज्याने त्याने करावा.