घरांतील यंत्रें : माळ्यावरचा रेडिओ

पूर्वीच्या चांदा जिल्ह्यास आतां चंद्रपूर म्हणतात, आणि १९८२ सालीं त्यांतून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. या रानपट्टींतील जुन्या घरांच्या माळ्यावर अद्यापि एखादा व्हाल्व्हचा रेडिओ सांपडतो. नागपूरचें नभोवाणी केंद्र १९४८ च्या जुलै महिन्यांत सुरू झालें, तेव्हां येथील बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. अशा ठिकाणीं रेडिओ व सभांचे ध्वनिवर्धक पुष्कळदां मोटारीच्या बॅटरीवरच चालवावे लागत.

बॅटरी सहा किंवा बारा व्होल्टांची. व्हाल्व्हांस तर दोनशेंच्या आसपास व्होल्ट लागतात. शिवाय बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेचा असल्यामुळें ट्रान्स्फॉर्मर त्याचा दाब वाढवूं शकत नाहीं. म्हणून व्हायब्रेटर योजीत. त्यांतील पट्टी सेकंदास सुमारें शंभर वेळां थरथरून प्रवाह आलटूनपालटून देई. मग ट्रान्स्फॉर्मर दाब वाढवी, रेक्टिफायर प्रवाह पुन्हां एकदिश करी, आणि कंडेन्सर त्यांतील लाटा शमवी.

वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या संचांत प्रथम बिघडतो तो इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्याच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावरील ऑक्साइडचा सूक्ष्म थर विजेच्या दाबानेंच टिकतो. आवृत्ति सुटली कीं पाठांतर जातें, तसा वापर सुटला कीं हा थर क्षीण होतो. अशा वेळीं एकदम पूर्ण दाब दिल्यास कंडेन्सर तापून फुटतो, आणि त्याच्या पाठोपाठ रेक्टिफायर व ट्रान्स्फॉर्मरही जळण्याचा संभव असतो. झाडीपट्टीच्या दमट पावसाळ्यांत मेणकागदी कंडेन्सरांतूनही वीज झिरपूं लागते. व्हायब्रेटरचे काळवंडलेले संपर्कबिंदु घासून उजळतां येतात. पण त्याच्या जोडीचा बफर कंडेन्सर बदलला नाहीं तर ते पुन्हां जळतात.

तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांस विनंति अशी कीं, दिवाळीच्या आवराआवरींत सांपडलेला रेडिओ ‘चालतो का पाहूं’ म्हणून मुलांस प्लगाला लावूं देऊं नये. बॅटरीचा संच तर घरच्या २३० व्होल्टांस कधींच जोडूं नये. जाणत्या कारागिराकडून कंडेन्सर बदलून घ्यावे. घरच्या विजेवर चालणाऱ्या संचाची पहिली चांचणी करतांना त्यानें वाटेंत तारेचा साधा दिवा जोडावा. दिवा प्रखर पेटूनच राहिला तर आंत दोष आहे असें समजावें. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरांत प्राणघातक दाब कांहीं काळ राहतो, म्हणून उघड्या संचांत कोणीं बोट घालूं नये.

काढलेले जुने भाग मात्र पुडींत बांधून पेटींतच ठेवावे. मूळ रचना काय होती, हें पुढील पिढीस त्यांवरूनच कळेल.