जुन्या मोटारीचा विमा आणि सावित्रीचा पूर

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. एवढ्या मनुष्यहानीपुढे वस्तूंच्या नुकसानीची चर्चा करणे अनेकांना अप्रशस्त वाटेल. परंतु पूर ओसरल्यानंतर जे जिवंत राहिले, त्यांना पुन्हा उभे राहावयाचे होते, आणि उभे राहण्याची साधने चिखलात रुतलेली होती. त्या साधनांत जुन्या, छोट्या मोटारीही होत्या. ज्यांच्यापाशी केवळ कायद्याने सक्तीचे विमापत्र होते, त्यांना स्वतःच्या गाडीसाठी त्या विमापत्रातून एक रुपयाही मिळण्याची तरतूद नव्हती. विमा होता, हप्ता भरलेला होता. पण तो विमा त्यांच्या गाडीचा नव्हताच. ही गोष्ट पुष्कळांना पुरानंतरच कळावी, यातच या प्रश्नाचे मर्म आहे.

मोटारीचा विमा हा श्रीमंतांचा प्रश्न आहे, समाजवादी कार्यकर्त्याने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असा आक्षेप येथे संभवतो. चाळीस वर्षांपूर्वी त्यात तथ्य होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा ती मध्यमवर्गाच्या वरच्या थराचे स्वप्न होती. आज परिस्थिती पालटली आहे. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवर सायंकाळनंतर एस.टी. नाही, रात्री बाळंतिणीला वा सर्पदंश झालेल्याला महाडपर्यंत न्यावयाचे तर कोणाची तरी गाडी लागते. महाड औद्योगिक वसाहतीतील कामगाराची रात्रपाळी सुटते तेव्हा गावाकडे जाणारी बस नसते. मुंबईचा चाकरमानी आपली दहा वर्षे वापरलेली गाडी गावातल्या भावाला देतो, किंवा दोघे भाऊ कर्ज काढून दीड-दोन लाखांची जुनी गाडी घेतात. ही चैन नव्हे. सार्वजनिक वाहतुकीने टाकून दिलेली जबाबदारी खासगी कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने उचलली, एवढाच तिचा अर्थ. म्हणून त्या गाडीच्या विम्याचा खर्च हाही त्याच जबाबदारीचा एक भाग समजला पाहिजे.

या खर्चाची रचना आधी नीट समजून घेतली पाहिजे. विम्याचे दोन भाग आहेत. पहिला तृतीय पक्षाचा विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा वा मृत्यू आल्यास त्याची भरपाई या भागातून होते, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने तो सक्तीचा आहे. त्याचे दर सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सी.सी.पर्यंतच्या खासगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सी.सी.च्या मोटारीस ३,४१६ रुपये पडतात. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की या रकमा अनुक्रमे सुमारे २,४७१ आणि ४,०३१ होतात. दुसरा भाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा. पूर, दरड, आग, चोरी, अपघात हे सारे त्यात येते. हा भाग ऐच्छिक आहे आणि त्याचे दर कंपन्या ठरवितात.

पहिल्या भागाविषयी प्रथम न्यायाने बोलले पाहिजे. तृतीय पक्षाचा सक्तीचा विमा ही श्रमिकांच्या हिताची तरतूद आहे. महामार्गाच्या कडेने चालणारा मजूर, सायकलवरचा विद्यार्थी, भाजीची पाटी घेऊन उभी असलेली बाई यांच्या बाजूने कायद्याने उभा केलेला तो आधार आहे. विमा नसलेल्या गाडीने माणूस मेला तर न्यायाधिकरण मालकाविरुद्ध निवाडा देते. परंतु मालकापाशीच काही नसेल तर तो निवाडा कागदावर राहतो आणि दोन्ही कुटुंबे बुडतात. मोटारीची किंमत दीड लाख असो वा सहा लाख, तिच्या धडकेने होणारी इजा तेवढीच असते. म्हणून दर किमतीवर न ठरता इंजिनाच्या आकारावर ठरावा, यातही तत्त्वतः अन्याय नाही. ‘गरिबाला विमा परवडत नाही, म्हणून विम्याविना गाडी चालवू द्या’ ही मागणी पक्षाच्या कोणत्याही व्यासपीठावरून होता कामा नये. ती एका गरिबाची सोय दुसऱ्या गरिबाच्या जिवावर करण्यासारखी होईल.

मात्र या सक्तीच्या हप्त्यावर १८ टक्के कर कशासाठी? नागरिकाने एखादी गोष्ट केलीच पाहिजे असे शासन म्हणते. ती न केल्यास पहिल्या खेपेस दोन हजारांचा व पुन्हा केल्यास चार हजारांचा दंड सांगते. आणि ती केल्याबद्दल त्याच्याकडून करही घेते. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा करमुक्त झाला, हे योग्यच झाले. मोटार विम्यास मात्र ती सवलत नाही. त्याच वेळी नव्या छोट्या मोटारीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. परंतु नोंदणीकृत विक्रेत्याकडून जुनी छोटी मोटार घेतल्यास त्याच्या नफ्याच्या रकमेवरील कर २०२५ च्या प्रारंभी १२ वरून १८ टक्के झाला होता. नवी गाडी घेणाऱ्यास सवलत आणि जुनी घेणाऱ्यावर वाढीव भार, ही करनीती कोणाच्या सोयीची आहे हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आता दुसऱ्या भागाकडे वळू. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा राष्ट्रीयीकृत झाला. १०७ कंपन्या एकत्र करून चार सार्वजनिक कंपन्या उभ्या राहिल्या. गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर सर्वांना समान असत. त्या दरपत्रकात मुंबई, पुणे यांसारखी मोठी शहरे एका विभागात व उर्वरित भारत दुसऱ्या विभागात होता. महाड-पोलादपूर दुसऱ्या, म्हणजे किंचित स्वस्त विभागात येत. २००२ च्या दरपत्रकाप्रमाणे १००० सी.सी.पर्यंतच्या, पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीस या विभागात किमतीच्या ३.१९१ टक्के दर होता. १ जानेवारी २००७ पासून हे दर मुक्त झाले. आज ते बंधनकारक नाहीत; परंतु हिशेबापुरते तेच धरू. गाडीची विमा-किंमत दोन लाख असल्यास नुकसानीचा हप्ता ६,३८२ रुपये. त्यात तृतीय पक्षाचे २,०९४ मिळविले की ८,४७६. आणि कर धरून जवळजवळ दहा हजार. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा सक्तीचा अपघात विमा निराळा. म्हणजे केवळ सक्तीच्या विम्याला अडीच हजार आणि संपूर्ण विम्याला दहा हजार. ज्या घरात महिन्याची मिळकत पंधरा-अठरा हजार आहे, ते घर अडीच हजारांवर थांबते. यात त्याचा निष्काळजीपणा नाही. त्याच्या खिशाचे ते गणित आहे.

बरे, दहा हजार भरूनही काय मिळते? गाडीच्या विमा-किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा होतो. चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत मूळच्या निम्मी धरली जाते आणि त्यापुढे ती कंपनी व ग्राहक यांच्या ‘परस्पर संमतीने’ ठरते. दुरुस्तीच्या वेळी सुट्या भागांवर पुन्हा घसारा लागतो. सात वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के, रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के. समजा, दुरुस्तीचे बिल साठ हजार झाले. त्यात धातूचे भाग तीस हजारांचे, रबर-प्लॅस्टिकचे वीस हजारांचे आणि मजुरी दहा हजार. कंपनी अनुक्रमे अठरा, दहा व दहा हजार मान्य करील, त्यातून सक्तीची एक हजारांची वजावट करील आणि सदतीस हजार देईल. तेवीस हजार मालकाचे. पाण्यात उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न झाला आणि आत पाणी जाऊन ते निकामी झाले, तर वेगळे पूरक कवच घेतलेले नसल्यास तो खर्च नाकारला जातो. घसारा माफ करणारी किंवा इंजिनाचे रक्षण करणारी अशी पूरक कवचे बहुधा नव्या गाड्यांनाच सहज मिळतात. पुराचा धोका गाडीचे वय पाहून येत नाही. संरक्षण मात्र वय पाहून दिले जाते.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. केवळ सक्तीचे विमापत्र असलेल्या खासगी मोटारीत बसलेला सोबती कायद्याच्या दृष्टीने तृतीय पक्ष ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निर्णय आहे. म्हणजे आंबेनळी वा कशेडी घाटातून शेजाऱ्याला दवाखान्यात नेताना अपघात झाला, तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसास भरपाई मिळेल, पण गाडीतल्या शेजाऱ्यास त्या विमापत्रातून मिळणार नाही. संपूर्ण विमापत्र असल्यास त्याचा समावेश होतो. आणि त्याच खासगी गाडीत भाडे घेऊन उतारू बसविले, ज्याला आपल्याकडे वडाप म्हणतात, तर विमापत्राच्या अटीचाच भंग होतो. ज्या वाड्यांना दिवसातून एखादीच बस आहे, तेथे वडाप बंद करा असे म्हणणे सोपे आहे. परंतु बस सुरू करणे हेच त्याचे खरे उत्तर आहे.

जुनी गाडी घेणाऱ्याची आणखी एक फसगत होते ती हस्तांतरात. गाडी विकली की तृतीय पक्षाचा विमा कायद्याच्या १५७ व्या कलमाने नव्या मालकाकडे आपोआप जातो. गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र तसा जात नाही. चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून तो नावावर करून घ्यावा लागतो. जुन्या मालकाचा दावा-रहित बोनस, जो वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, तो त्याच्या स्वतःबरोबर जातो, गाडीबरोबर नव्हे. म्हणजे नव्या मालकाचा हप्ता वाढतो. गावात व्यवहार विश्वासावर होतात. पैसे दिले, किल्ली घेतली, नोंदणी पेणच्या परिवहन कार्यालयात ‘पुढे कधीतरी’ करू असे म्हटले जाते. पूर मात्र त्या ‘कधीतरी’ची वाट पाहत नाही. नोंदणी एकाच्या नावे, विमा दुसऱ्याच्या नावे आणि गाडी तिसऱ्याच्या अंगणात, अशा स्थितीत दावा टिकणे दुरापास्त होते.

या परिस्थितीत मागण्या काय असाव्यात? पहिली, सक्तीच्या तृतीय पक्ष विम्यावरील कर संपूर्ण रद्द व्हावा. दुसरी, पाच वर्षांहून जुन्या छोट्या खासगी मोटारींसाठी केवळ पूर व दरड यांपुरते मर्यादित, ठराविक रकमेचे आणि ठराविक हप्त्याचे विमापत्र सार्वजनिक विमा कंपन्यांनी काढावे. ते राज्यभर एकाच दराने विकावे, म्हणजे महाडचा धोका एकट्या महाडकरांच्या माथी बसणार नाही. धोका सर्वांत वाटून घेणे हेच तर विम्याचे मूळ तत्त्व आहे. ते केवळ नव्या गाड्यांपुरते उरले तर त्यास विमा म्हणण्याऐवजी निवडक ग्राहकांचा व्यापार म्हणावे लागेल. तिसरी, सोबत बसलेल्या प्रवाशांचा किमान अपघात विमा सक्तीच्या भागातच समाविष्ट व्हावा. यासाठी हप्त्यात होणारी वाढ कर रद्द झाल्याने वाचणाऱ्या रकमेतून बव्हंशी भागू शकेल. चौथी, नोंदणी हस्तांतरित होताच नुकसानीचा विमाही आपोआप हस्तांतरित व्हावा.

२०२१ च्या दुरुस्तीने सार्वजनिक विमा कंपन्यांत शासनाचा किमान ५१ टक्के हिस्सा असण्याची अट काढून टाकण्यात आली. त्या कंपन्या हातच्या गेल्या, तर यांतील दुसरी मागणी कोणाकडे करावयाची हाच प्रश्न उरेल. म्हणून विम्याचा प्रश्न आणि सार्वजनिक क्षेत्राच्या रक्षणाचा प्रश्न वेगळे करता येत नाहीत.

मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. पावसाळ्यापूर्वी गावोगाव बसून गाड्यांची नोंदणीपुस्तके व विमापत्रे तपासावीत. विमापत्रावर केवळ तृतीय पक्षाची जबाबदारी लिहिली आहे की नुकसानीचाही समावेश आहे, हे मालकास समजावून सांगावे. मुदत संपलेली असेल तर ती आठवड्याभरात पुढे चालू करून घ्यावी. पुराच्या पाण्यात सापडलेले इंजिन सुरू करू नये, गाडी धुण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, पंचनाम्याची प्रत घ्यावी आणि कंपनीस तत्काळ लेखी कळवावे, एवढ्या चार गोष्टी छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्या तरी अनेक घरांचे हजारो रुपये वाचतील. सावित्री पुन्हा पात्राबाहेर येणार, हे महाडच्या प्रत्येक माणसास ठाऊक आहे. त्या दिवसाआधी घरातले कागद वाचलेले असावेत, एवढे तरी आपल्या हातात आहे.