प्रयोगशाळेत दुरुस्तीचा बाक हवा



माध्यमिक शाळांच्या विज्ञान प्रयोगशाळांची चर्चा होते ती बहुधा नव्या साहित्याच्या खरेदीपुरतीच. घेतलेले साहित्य बिघडल्यावर त्याचे काय करावे, हा प्रश्न मात्र कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाऊन पडतो. वस्तुतः प्रत्येक प्रयोगशाळेत दुरुस्तीसाठी एक कायमची, नीट मांडलेली जागा असणे हे नव्या उपकरणांहून अधिक निकडीचे आहे, आणि भायखळ्यातील शाळांनी त्यात पुढाकार घ्यावा, यासाठी हा पत्रप्रपंच.

भायखळ्याचा आग्रह धरण्यास इतिहासाचा आधार आहे. १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजेच आजची वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, १९२३ मध्ये माटुंग्याला जाईपर्यंत भायखळ्यातच होती. गिरण्यांतील आणि रेल्वेच्या कार्यशाळांतील फिटर-टर्नरांच्या पिढ्या याच परिसरात नांदल्या. अशा वस्तीतील मुलांनी दहावीपर्यंत पान्याला हातही न लावणे शोचनीय आहे.

शालेय उपकरणांतील बरेचसे बिघाड किरकोळ असतात. विद्युतधारेच्या जोडणीत असलेला मल्टिमीटर तसाच दाब मोजण्यासाठी लावला की त्याचा आतला फ्यूज उडतो. ऱ्हिओस्टॅट, म्हणजे रोध कमी-जास्त करण्याचे साधन, त्याच्या सरकत्या संपर्कावर गंज चढल्याने अडतो. आणि मुंबईच्या दमट हवेत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी धरते. तरीही ही साधने पडून राहतात, कारण त्यांची नोंद डेडस्टॉक नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या कायमस्वरूपी मालमत्तेच्या यादीत असते, आणि उघडताना काही बिघडले तर जबाबदारी आपल्यावर येईल, या धास्तीने शिक्षक किंवा प्रयोगशाळा परिचर त्यांना हात लावत नाहीत. मग ती वर्षानुवर्षे निर्लेखनाची, म्हणजे यादीतून रीतसर कमी होण्याची, वाट पाहत राहतात.

दुरुस्तीची जागा मोठी असण्याची गरज नाही. ती शिस्तीची असावी लागते. भरपूर उजेड व खेळती हवा असलेल्या, नळ आणि बर्नर यांपासून दूर असलेल्या कोपऱ्यात एक जड लाकडी बाक, त्यावर वस्तू घट्ट धरून ठेवणारा व्हाइस, आणि समोरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवून त्याची जागा ठरवलेली असली, की तास संपताना कोणता पाना परत आला नाही, हे एका दृष्टिक्षेपात कळते. तपासायची, सुट्या भागांसाठी थांबलेली आणि दुरुस्त झालेली उपकरणे तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवावीत, आणि प्रत्येकाला तारीख, बिघाडाचे लक्षण, केलेली चाचणी व उपाय लिहिलेली चिठ्ठी बांधावी, म्हणजे एका तुकडीचे अर्धवट राहिलेले काम दुसऱ्या तुकडीला पुढे नेता येते.

सुरक्षिततेचा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मर्यादा आधी आखाव्यात. विद्यार्थ्यांनी केवळ यांत्रिक आणि बॅटरीच्या कोरड्या घटांवर चालणारी साधने उघडावीत. घरगुती वीजपुरवठ्यावर चालणारी उपकरणे, फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या आणि फुटलेले पाऱ्याचे तापमापक यांना त्यांनी स्पर्शही करू नये. बाकाच्या वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत तफावत पडताच पुरवठा तोडणारी कळ, असावी. डाखकाम, म्हणजे वितळत्या मिश्रधातूने तारा जोडणे, शिक्षकांच्या देखरेखीखाली, शिसेविरहित डाख वापरून, धूर बाहेर जाईल अशा जागीच व्हावे.

अभ्यासक्रमात यासाठी वेळ नाही, हा दुसरा आक्षेप मात्र टिकणारा नाही. पाठ्यपुस्तकातील प्रयोगाचे उत्तर विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. बिघडलेल्या उपकरणाचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते, आणि लक्षण पाहून तर्क करणे, चाचणीने तो पडताळणे व चुकला तर सोडून देणे ही विज्ञानाची मूळ पद्धत तेथेच अंगवळणी पडते. हाताने काम करत शिकण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन करून ती घालून दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना व्यावसायिक अनुभव सुचवला आहे. ते दिवस या बाकाशी सहज जोडता येतील.

शिक्षण विभागाने निर्लेखनापूर्वी शालेय पातळीवरील दुरुस्तीची तपासणी अनिवार्य करावी, आणि सद्हेतूने उघडलेल्या उपकरणाबद्दल शिक्षक वा परिचर यांच्यावर वसुली लादली जाणार नाही, असे लेखी स्पष्ट करावे. मुख्याध्यापकांनी साहित्यखर्चातील काही रक्कम फ्यूज, तारा आणि सुटे भाग यांसाठी राखून ठेवावी, तसेच परिसरातील निवृत्त कारागिरांना मार्गदर्शनासाठी सन्मानाने बोलवावे. पुढील खरेदीची यादी करण्यापूर्वी प्रत्येक शाळेने आपले बंद कपाट एकदा उघडून पाहावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, भायखळा, मुंबई