पऱ्हाटीवर पहिला हक्क पहाडाच्या मातीचा

माणिकगड पहाडावरच्या जिवती तालुक्यात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की रान मोकळे करण्याच्या घाईत पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग धुऱ्यावर रचून पेटवले जातात. या पेटवण्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ मध्ये विदर्भाने गुलाबी बोंडअळीचा तडाखा सोसल्यावर, न उमललेल्या किडक्या बोंडांत अळी दडून राहते म्हणून पऱ्हाटी शेतात साठवू नये, असे शेतकऱ्याला बजावले गेले आणि ते रास्तच होते. परंतु उपटलेल्या पऱ्हाटीची विल्हेवाट लावण्याची सोय गावात नसेल, तर काडेपेटीशिवाय त्याच्या हाती काय उरते? त्या आगीत नत्र आणि गंधक हवेत उडतात, मातीत ओल धरून ठेवणारा सेंद्रिय कर्ब जळतो, आणि राखेतले पालाश पहिल्या जोरदार पावसात उतारावरून नाल्याला लागते.

या प्रश्नावर गोबरगॅसचे उत्तर सरसकट सुचवणे पहाडाला न ओळखण्यासारखे आहे. पऱ्हाटीतील लिग्निन, म्हणजे तिला लाकडासारखा कणखरपणा देणारा घटक, वायू निर्माण करणाऱ्या जिवाणूंना पचत नाही; शिवाय २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते, म्हणजे वर्षाला सुमारे १८,००० लिटर. ज्याच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आणि दाराशी विहीर आहे त्याने ते अवश्य बांधावे, पण उन्हाळ्यात डोईवरून पाणी वाहणाऱ्या कोलामगुड्यावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, ते लादू नये.

पहाडाला परवडणारी रीत विदर्भातच जन्मली. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेप काका, यांनी रचलेल्या १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्यात सुमारे १,४०० किलो काडीकचरा, गाळलेली माती आणि अवघे १०० किलो शेण थर देऊन भरले जाते. भरताना दीड-दोन हजार लिटर पाणी लागते, पुढे ओल टिकवण्यापुरते शिंपडावे लागते, आणि तीन-चार महिन्यांत शेणाच्या कित्येक पट खत हाती येते. अट एकच, ती म्हणजे पऱ्हाटीची बारीक कुटी झाली पाहिजे, कारण अख्खी काडी वर्षभर तशीच राहते. बोंडांसकट कुटी झाली की अळीचा आसराही मोडतो.

कुटी दाबून केलेल्या इंधनकांड्यांना, म्हणजे ब्रिकेटना, गिऱ्हाईक दूर नाही; पहाडाच्या पायथ्याशी गडचांदूर परिसरात सिमेंटच्या भट्ट्या आहेत. म्हणूनच सावध राहायला हवे. चुलीत जळलेल्या पऱ्हाटीची राख निदान उकिरड्यावर येते आणि तेवढी एक मोळी वाघाच्या जंगलातून आणावी लागत नाही, तर भट्टीत जळलेल्या पऱ्हाटीची राख क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या खड्यांत, मिसळते आणि जिवतीची माती तिला कायमची मुकते. चूल आणि टाके भागल्यावर उरेल तेवढीच पऱ्हाटी विकावी, आणि कांड्यांचे यंत्र व्यापाऱ्याच्या नव्हे, गावाच्या मालकीचे असावे.

यासाठी प्रत्येक ग्रामसभेने वेचणी संपण्याआधी ठराव घ्यावा, की ट्रॅक्टरवर चालणारे कुटीयंत्र गावासाठी मिळावे, नाडेप टाकी रोजगार हमीतून बांधली जावीत, आणि ज्यांची जमीन वनहक्काच्या वादात अडकल्याने सातबारा नाही, त्या कुटुंबांना टाक्यासाठी सातबारा मागू नये, कारण टाके शेतात नव्हे, घराच्या अंगणात बांधता येते.