काठी आधी, रोप नंतर



१४ ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास पाऊस ओसरतो आणि पुढे थंडीचे दिवस येतात. घरी टोमॅटो लावायला ही चांगली वेळ आहे. त्या आठवड्यात बी टाकले तर महिन्याभरात रोप तयार होते आणि २६ जानेवारीच्या आसपास पहिले लाल फळ ताटात येते. चाळीची गॅलरी असो, पत्र्याच्या घरापुढची हातभर जागा असो, पाच-सहा तास ऊन मिळाले की झाले.

आपल्या भगिनींची नेहमीची तक्रार असते की झाड जोमात वाढले, फुलले आणि मग आडवे झाले. फळे जमिनीला टेकून सडली. यात झाडाचा दोष नाही. टोमॅटोच्या दोन जाती असतात. एक बुटकी, ठरावीक उंचीवर थांबणारी. दुसरी उंच, वेलासारखी वाढतच राहणारी. पुसा रुबी हे जुने वाण दुसऱ्या प्रकारातले. उंच जातीला थोडी थोडी फळे बरेच दिवस येतात, म्हणून घरासाठी ती सोयीची. पण तिला आधार लागतोच. बी घेताना दुकानदाराला हे आवर्जून विचारावे.

तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा किंवा रंगाची धुतलेली मोठी बादली घ्या. बुडाला पाच-सहा भोके पाडा. दोन भाग माती आणि एक भाग जुने कुजलेले शेणखत मिसळून भरा. एका डब्यात एकच रोप लावा. रोप वीतभर झाले की खालची पाने काढून अर्धे खोड मातीत जाईल इतके खोल लावा. पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात आणि झाड घट्ट धरते.

आता मुख्य गोष्ट. काठी रोपासोबतच, किंबहुना आधी रोवायची. झाड पडल्यावर काठी खुपसली तर मुळे तुटतात आणि वाकलेले खोड उभे करताना मोडते. सहा-सात फुटांचा बांबू घ्या. जमिनीत असेल तर फूटभर खोल ठोका. डब्यातल्या मातीत तो एकटा टिकत नाही, म्हणून वरचे टोक गॅलरीच्या गजाला बांधा. बांबू नसेल तर वरच्या गजावरून जाड सुतळी सोडा, खालचे टोक खोडाशी सैल बांधा आणि झाड वाढेल तसे त्या सुतळीभोवती फिरवत न्या.

बांधायला तार किंवा बारीक नायलॉन नको, खोड कापले जाते. जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी उत्तम. पट्टीला काठी आणि खोड यांच्यामध्ये एक पीळ द्या. गाठ काठीवर घट्ट, खोडाभोवती सैल. दर आठ-दहा दिवसांनी वीतभर वर नवी पट्टी बांधा.

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून जी फूट निघते तिला बगलफूट म्हणतात. ती दोन बोटे लांब असतानाच सकाळी खुडा आणि एक किंवा दोनच मुख्य फांद्या ठेवा. झाड काठीच्या टोकाला पोहोचले की शेंडा खुडा. गॅलरीत वारा कमी असेल तर फुले आल्यावर सकाळी झाडाला हलकेच टिचकी मारावी, फळधारणा चांगली होते.

पाणी नेमाने, मुळाशी घाला; पाने भिजवू नका. चार दिवस कोरडे आणि पाचव्या दिवशी बादलीभर, असे झाले की फळाचे बूड काळे पडते, कारण चुना फळापर्यंत पोहोचत नाही. किडीसाठी लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारा. आणखी एक. तंबाखू मळलेल्या किंवा मिश्री लावलेल्या हाताने झाडाला शिवू नका. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले. तंबाखूतून मोझॅक रोगाचे विषाणू झाडाला लागू शकतात. साबणाने हात धुवा. तंबाखूच सुटली तर झाडाचे भले आणि घराचेही.

दोन डब्यांनी बाजारभाव खाली येणार नाही, हे खरे. मे २०२३ मध्ये नाशिककडच्या शेतकऱ्यांनी भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतला आणि जुलैत तोच शहरात शंभराच्या वर गेला. पण आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबून पिके काढली. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे तुरुंगात गेली. स्वतःच्या हाताने लावलेले फळ आपल्या मुलाने स्वतः तोडावे, ही गोष्ट डबाभर मातीतही लहान नाही.

आपल्या मुलांना शिष्यवृत्ती, आरक्षण यावरून टोमणे ऐकावे लागतात. मुलगा खाली मान घालून घरी आला तर त्याला हे झाड दाखवा. काठी कमजोर झाडाला लागते असे नाही. ज्याला भरपूर फळ धरायचे आहे त्याला लागते. फूल, पान, फळ सारे झाडाचेच असते, काठीला एक फळ येत नाही. परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. अभ्यास मात्र त्यांनी स्वतः केला आणि त्याचे फळ साऱ्या देशाला मिळाले.

मात्र काठी वेळेवर हवी. निकाल लागल्यावर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पडताळणी यांसाठी धावाधाव करणारे पालक दरवर्षी भेटतात. मुदत संपते, प्रवेश हुकतो, मुलगी घरी बसते. ज्यांच्या घरी नववी-दहावीची मुले आहेत त्यांनी बी टाकाल त्याच आठवड्यात कागदपत्रांची पिशवीही काढावी आणि काय कमी आहे ते पाहावे. विहारात रविवारी लिहिता-वाचता येणारे कार्यकर्ते बसतात, त्यांना विचारायला लाजू नये.

नमो बुद्धाय. जयभीम.